‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न कुठे चालतो आणि कुठे फसतो

सरकारी पैशाचा विषय निघाला की बहुतेकांची मतं तयारच असतात. मंगळावर यान कशाला, आधी लोकांच्या पोटाचं बघा. शाळेत संगणक द्या, मुलं आपोआप पुढे जातील. बेडकांच्या आणि जिवाणूंच्या अभ्यासाला पैसे का द्यायचे? विज्ञानावर खर्च हवा, पण उपयोगी विज्ञानावर.

या मतांना हसण्यासारखं काही नाही. पैसा करातून जातो, आणि कर सगळेच भरतात. वस्तू विकत घेताना त्यात मिसळलेला कर भरणारा गरीब माणूससुद्धा. त्यामुळे हिशेब मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. अडचण वेगळीच आहे. प्रयोगशाळा, पूल, दुर्बीण, शाळा या सगळ्यांना आपण एकाच मापाने मोजतो: याचा उपयोग काय? सब घोडे बारा टक्के. मग जिथे हा प्रश्न रोखठोक विचारायला हवा तिथे आपण तो सोडून देतो, आणि जिथे त्याचं उत्तर असूच शकत नाही तिथे हटून बसतो.

मीही बरीच वर्षं याच एका प्रश्नावर मतं ठरवत होतो. त्यातला घोळ माझ्या लक्षात आला तो विल्यम प्रॉक्समायर यांच्याबद्दल वाचताना. हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचे सिनेटर, १९५७ ते १९८९ अशी ३२ वर्षं. काटकसर त्यांच्या अंगातच होती. शेवटच्या दोन निवडणुका त्यांनी प्रत्येकी २०० डॉलरपेक्षाही कमी खर्चात लढवल्या आणि जिंकल्या. मार्च १९७५ मध्ये त्यांनी ‘गोल्डन फ्लीस’ नावाचा पुरस्कार सुरू केला. फ्लीस म्हणजे मेंढीची लोकर, आणि इंग्रजीत फ्लीस करणं म्हणजे एखाद्याला लुबाडणं. सरकारी पैशाची उधळपट्टी शोधायची आणि दर महिन्याला एकाला हा पुरस्कार द्यायचा. पहिला मान मिळाला नॅशनल सायन्स फाउंडेशनला. कारण? माणसं प्रेमात का पडतात, या अभ्यासाला त्यांनी ८४,००० डॉलर दिले होते. १९८८ पर्यंत असे १६८ पुरस्कार जाहीर झाले. वर्तमानपत्रांना दर महिन्याला मजकूर मिळायचा आणि लोकांना राग काढायला जागा.

याच प्रॉक्समायर यांनी त्याआधी, १९७१ च्या सुमारास, आणखी एक लढाई जिंकली होती. ध्वनीपेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमान बनवण्यासाठी अमेरिकन सरकार पैसे ओतत होतं. त्यांनी कडाडून विरोध केला आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पैसे बंद केले. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मात्र आपलं कॉन्कॉर्ड रेटून नेलं. खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला. ज्या विमान कंपन्यांनी आधी रस दाखवला होता, त्यांनी एकेक करून काढता पाय घेतला. शेवटी प्रवासी सेवेत आली अवघी १४ विमानं, आणि २००३ मध्ये तीही थांबली. विमानाबद्दल प्रॉक्समायर यांचं म्हणणं बरोबर ठरलं.

प्रेमाच्या अभ्यासाचं मात्र उलटं झालं. नात्यांचा शास्त्रीय अभ्यास ही पुढे मानसशास्त्राची मान्यताप्राप्त शाखा बनली. माणूस तोच, कसोटीही तीच. मग एकीकडे ती लागू पडली आणि दुसरीकडे फसली, असं का?

विमान ही ठरलेली वस्तू आहे. ते किती प्रवासी नेणार, किती इंधन पिणार, तिकीट कुणाला परवडणार, आवाजाचा त्रास किती होणार, हे कागदावर मांडता येतं. संशोधनाचं तसं नसतं. त्याचं उत्तर आधीच माहीत असतं, तर ते करायची गरजच पडली नसती.

हा फरक नुसता सांगून पटत नाही, म्हणून एक गोष्ट जवळून बघू. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गरम पाण्याचे असंख्य झरे आहेत. जागा समुद्रसपाटीपासून इतकी उंच की तिथे पाणी ९३ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. झऱ्याच्या तोंडाशी पाणी निळंशार दिसतं, आणि ते वाहत जाऊन निवू लागलं की ओघाच्या कडांना पिवळे, नारिंगी, हिरवे पट्टे उमटतात. हे रंग सूक्ष्मजीवांचे. थॉमस ब्रॉक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये ते पाहिले आणि त्याच्या मनात साधा प्रश्न आला: पाणी किती गरम असेपर्यंत जीव टिकतो? इतक्या उष्णतेत जिवाणू तग धरत नाहीत, अशीच तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. दोन वर्षांनी ब्रॉक आणि पदवीचं शिक्षण घेणारा त्याचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी मशरूम स्प्रिंग नावाच्या झऱ्यातून एक जिवाणू वेगळा केला. त्याला ७० अंशांच्या आसपासचं पाणी मानवत होतं. नाव ठेवलं थर्मस ॲक्वाटिकस. १९६९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि जिवाणूचा नमुना एका सार्वजनिक संग्रहात ठेवला, म्हणजे कुणाही संशोधकाला तो मागवता येईल. हे सगळं सरकारी अनुदानातून.

त्या दिवशी कुणी ब्रॉकला विचारलं असतं, ‘याचा उपयोग काय?’, तर प्रामाणिक उत्तर एकच होतं: माहीत नाही.

आता १९८३ मध्ये येऊ. कॅलिफोर्नियातल्या सीटस नावाच्या कंपनीत कॅरी मुलिस डीएनएच्या प्रती काढण्याची एक युक्ती शोधत होता. डीएनए म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दोन माळा. नळीतला द्राव ९५ अंशांपर्यंत तापवला की माळा सुटतात. मग थोडं निववायचं. हव्या त्या जागी छोटे तुकडे चिकटतात आणि तिथून एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, प्रत्येक सुट्या माळेसमोर तिची जोडीदार माळ विणत जातं. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, पुन्हा निववा: चार. मग आठ, सोळा. अशा तीस फेऱ्या झाल्या की एका तुकड्याच्या हिशेबाने शंभर कोटींहून जास्त प्रती होतात. रक्ताच्या थेंबात दडलेला एखादा विषाणू एरवी सापडणारच नाही. त्याच्या इतक्या प्रती झाल्यावर मात्र तो लपून राहू शकत नाही. हीच पीसीआर चाचणी.

पण एक घोडं अडलं होतं. विणकाम करणारं एन्झाइम साध्या जिवाणूतून काढलेलं होतं आणि ९५ अंशांच्या उष्णतेत ते निकामी व्हायचं. त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर कुणीतरी नळी उघडायची, एन्झाइमचा ताजा थेंब घालायचा, झाकण लावायचं. एका चाचणीसाठी हे तीस वेळा करायचं. अशाने ती गोष्ट प्रयोगशाळेबाहेर कधीच पडली नसती.

मग यलोस्टोनचा तो जिवाणू कामाला आला. गरम पाण्यात राहणाऱ्या जिवाणूचं एन्झाइम गरम पाण्यात टिकणारच. सिनसिनाटी विद्यापीठातल्या संशोधकांनी ते १९७६ मध्येच वेगळं करून प्रसिद्ध केलं होतं, तेही पीसीआर कुणाच्या स्वप्नात नसताना. टॅक हे त्या एन्झाइमचं नाव. टॅक वापरलं की नळी एकदाच बंद करायची आणि यंत्रात ठेवून द्यायची. १९८८ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. १९९३ मध्ये मुलिसला नोबेल मिळालं. आणि २०२० च्या साथीत नाकात काडी घालून घेतलेल्या कोट्यवधी नमुन्यांची तपासणी याच पद्धतीने झाली. झऱ्यातला जिवाणू हाती लागल्यापासून पीसीआरमध्ये त्याचं एन्झाइम वापरलं जाईपर्यंत २२ वर्षं गेली. कुठल्याही सरकारची, कुठल्याही कंपनीच्या व्यवस्थापकाची मुदत इतकी लांब नसते.

इथे मात्र मला सावध व्हायला हवं. अशी एखादी गोष्ट सांगून ‘बघा, सगळ्याच संशोधनाला पैसे द्या’ म्हणणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो दाखवून तिकिटं खपवणं. ज्या शेकडो झऱ्यांतून, शेवाळांतून, किड्यांतून काही निघालं नाही, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. म्हणून एक दाणा उचलून बघण्यात अर्थ नाही, सगळी टोपली तपासायला हवी.

अशी एक मोजणी झाली आहे. अमेरिकेतली नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ ही आरोग्य संशोधनाला सरकारी पैसे देणारी संस्था. १९८० ते २००७ या काळात तिने दिलेली साडेतीन लाखांहून अधिक अनुदानं अभ्यासकांनी तपासली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला. दहापैकी जेमतेम एका अनुदानातून थेट पेटंट निघालं. एवढंच बघितलं तर पैसे पाण्यात गेले असं वाटेल. पण त्या अनुदानांतून जे लेख प्रसिद्ध झाले, त्यांचा आधार पुढे खासगी पेटंटांत घेतला गेला का, हे शोधल्यावर प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांवर गेलं. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: अमुक रोगासाठी म्हणून दिलेली ‘उपयोगी’ अनुदानं आणि नुसत्या कुतूहलाची मूलभूत अनुदानं यांच्यात या बाबतीत फरक पडला नाही. पैसे देताना कुठलं संशोधन उपयोगी ठरेल हे ओळखण्याची आपली ताकद आपल्याला वाटते त्याहून फार कमी आहे. आणखी एका मोजणीत असं दिसलं की २०१० ते २०१६ या काळात अमेरिकेत मंजूर झालेल्या सर्वच्या सर्व २१० नव्या औषधांमागे कुठे ना कुठे या सरकारी पैशातून झालेलं संशोधन होतं.

मग हे काम खासगी कंपन्याच का करत नाहीत? कंपन्यांना दोष देण्याचं कारण नाही, त्यांचं गणितच तसं आहे. ७० अंशांत जिवाणू जगतो, हे एकदा कळलं की ते सगळ्यांनाच कळतं. ज्याने शोधायला पैसे घातले त्याला जितका फायदा, तितकाच शेजारच्या स्पर्धकाला. शिवाय फायदा होईल की नाही, झाला तर वीस वर्षांनी होईल की चाळीस, याची खात्री नाही. अशा कामात पैसे घालणारी कंपनी भागधारकांना काय सांगणार? रिचर्ड नेल्सन आणि केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञांनी १९५९ आणि १९६२ मध्ये हे नीट मांडलं: ज्या ज्ञानाचा फायदा सगळ्यांत वाटला जातो, त्यात एकटादुकटा गुंतवणूकदार समाजाच्या गरजेपेक्षा नेहमी कमीच पैसे घालणार. उरलेली जागा सार्वजनिक पैशाने भरावी लागते.

पण यातली एक तक्रार मला अगदी रास्त वाटते. सीटसने पीसीआरचे हक्क १९९१ मध्ये ३० कोटी डॉलरना विकले. ज्या उद्यानातून जिवाणू आला त्याला, म्हणजेच ते सांभाळणाऱ्या जनतेला, त्यातून काहीच मिळालं नाही. धोका जनतेने पत्करायचा आणि नफा दुसऱ्याच्या खिशात, हे चित्र लोकांना खटकतं, आणि ते खटकायलाच हवं. म्हणून संशोधनावरच्या खर्चाबद्दल विचारायचेच असतील तर हे प्रश्न विचारा. अनुदान कुणाला द्यायचं हे कोण ठरवतं, त्या विषयातले जाणकार की मर्जीतली माणसं? निष्कर्ष सगळ्यांना वाचायला खुले आहेत का? फसलेले प्रयोगही प्रसिद्ध होतात का? नफा झाला तर जनतेचा वाटा कुठे लिहिला आहे? हे प्रश्न ‘जिवाणूंचा काय उपयोग’ याहून कितीतरी बोचरे आहेत, आणि त्यांची उत्तरं आजच्या आज देता येतात.

थट्टेने नुकसान होतं हेही सांगायला हवं. रोनाल्ड हचिन्सन हे प्राण्यांच्या आक्रमकतेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. गोल्डन फ्लीसच्या थट्टेनंतर त्यांनी प्रॉक्समायर यांच्यावर बदनामीचा खटला भरला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सभागृहात केलेल्या भाषणाला असलेलं संरक्षण बाहेर वाटलेल्या पत्रकांना मिळत नाही. पुढे तडजोड झाली. प्रॉक्समायर यांनी माफी मागितली आणि १०,००० डॉलर दिले.

आता दुसऱ्या प्रकारच्या खर्चाकडे वळू. इथे ‘उपयोग काय आणि किंमत काय’ हा प्रश्न अजिबात सोडायचा नाही. बोगदे, धरणं, रेल्वेमार्ग, सरकारी संगणकप्रणाली, मोठी उपकरणं. यात काय बनवायचं ते माहीत असतं. तरीही अंदाज हमखास चुकतात, आणि चुकतात ते एकाच दिशेने. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. १९७३ मध्ये, ठरल्यापेक्षा दहा वर्षं उशिरा, ते उभं राहिलं तेव्हा खर्च झाला होता १० कोटी २० लाख. बेंट फ्लूबियर या अभ्यासकाने जगभरातल्या १६,००० हून अधिक मोठ्या प्रकल्पांची नोंद गोळा केली. त्यात ठरलेल्या खर्चात आणि ठरलेल्या वेळेत पूर्ण झालेले प्रकल्प निघाले ८.५ टक्के. शिवाय सांगितला होता तेवढा फायदाही मिळाला, असे अर्धा टक्का.

चुकून झालेली चूक कधी जास्तीची असते, कधी कमीची. सतत कमीचाच अंदाज येत असेल तर त्यामागे कारण असणार. एक कारण माणसाच्या स्वभावातलं: आपलं काम सुरळीत होईल असं प्रत्येकालाच वाटतं. दुसरं कारण तितकं निरागस नाही. खरा आकडा सांगितला तर मंजुरीच मिळणार नाही, म्हणून आधी लहान आकडा दाखवायचा आणि खड्डा खणून झाला की मग उरलेला मागायचा. तोवर ‘इतके घातलेत, आता थांबणार कसं?’ हा युक्तिवाद तयार असतो. आधी घातलेल्या पैशाकडे बघून पुढचे पैसे घालत राहणं ही चूक इतकी नेहमीची आहे की तिला कॉन्कॉर्डचंच नाव मिळालं आहे. गेलेले पैसे कुठल्याही निर्णयाने परत येत नाहीत. इथून पुढे किती लागतील आणि त्यातून काय मिळेल, एवढंच बघायचं असतं.

विज्ञानाची मोठी उपकरणंही याच खात्यात येतात, आणि शास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी सवलत मागू नये असं माझं मत आहे. जेम्स वेब दुर्बीण सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार २००७ मध्ये आकाशात जायची होती. ती गेली २५ डिसेंबर २०२१ ला, आणि खर्च पोचला सुमारे १,००० कोटी डॉलरवर. तिने पाठवलेली चित्रं बघून मी थक्क झालो. पण चित्रं सुंदर आली म्हणून अंदाज बरोबर ठरत नाही. टेक्सासमध्ये जमिनीखाली एक अजस्र कणत्वरक, म्हणजे अतिसूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, बांधायला घेतला होता. खर्च वाढत वाढत गेला आणि १९९३ मध्ये काँग्रेसने तो बंद केला. तोवर सुमारे २०० कोटी डॉलर खर्च झाले होते आणि वीसहून अधिक किलोमीटर बोगदा खणून झाला होता. तिथे विज्ञान चुकलं नव्हतं. बांधकामाचा हिशेब चुकला होता. या खात्यात सर्वांत उपयोगी प्रश्न असा: अशाच प्रकारचे आधीचे प्रकल्प किती टक्क्यांनी वाढले होते? नव्या प्रकल्पाच्या माणसाला हा प्रश्न आवडत नाही. आमचं वेगळं आहे, असं तो म्हणतो. आधीच्या सगळ्यांनीही तेच म्हटलं होतं.

शिक्षणावरचा खर्च या दोन्हींत बसत नाही. इमारत बांधली, पुस्तकं वाटली, यंत्रं दिली, इथवर ते बांधकामासारखं वाटतं. पण खरा हेतू मुलांच्या डोक्यात काहीतरी घडावं हा असतो, आणि ते वाटपाच्या आकड्यात दिसत नाही. २००५ मध्ये प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप देण्याची कल्पना जगभर गाजली. पेरू देशाने ती मोठ्या प्रमाणावर उचलली. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला. काही शाळांना आधी लॅपटॉप मिळाले, काहींना नाही, आणि दोन्ही गटांची तुलना केली गेली. २०१२ मध्ये निष्कर्ष आला: विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला, पण गणितात आणि भाषेत काहीच फरक नाही. लॅपटॉप मुलांपर्यंत पोचले होते आणि मुलं ते वापरतही होती. शिकवण्याची पद्धत मात्र होती तशीच राहिली होती.

यंत्रांचा राग म्हणून मी हे सांगत नाही. पुस्तकांचीही तीच कथा आहे. केनियात मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी शाळांना मोफत पाठ्यपुस्तकं देऊन तुलना केली. पुस्तकांनी फायदा होणारच, यात शंका घेण्यासारखं काय? सरासरी गुण वाढलेच नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांचा. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा. मागे पडलेल्या मुलाच्या हातात न समजणारं पुस्तक आलं, इतकंच. क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्यासोबत नोबेल मिळालं, ते याच प्रकारच्या तुलनेच्या पद्धतीसाठी.

ही तुलना इतकी महत्त्वाची का, हे थोडं उलगडून सांगतो. समजा एखाद्या योजनेनंतर वर्षभराने मुलांचे गुण वाढले. योजना यशस्वी? मुलं वर्षाने मोठीही झाली. त्याच वर्षी कदाचित चांगले शिक्षक आले असतील, परीक्षा सोपी झाली असेल. ‘आधी इतके, नंतर इतके’ या आकड्यांत हे सगळं मिसळलेलं असतं. म्हणून शाळांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्या शाळांना योजना आज, उरलेल्यांना वर्षभराने. दोन्ही गट बाकी सर्व बाबतीत सारखेच असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे उरलेला फरक योजनेचा. एरवीही सगळ्यांना एकदम देण्याइतके पैसे नसतात, मग चिठ्ठीने ठरवण्यात अन्याय कसला? उलट ओळखीने ठरवण्यापेक्षा ते बरं.

पण तुलनेत यश मिळालं म्हणजे काम संपलं असंही नाही. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं हजारो मुलांना चिठ्ठ्या टाकून लहान आणि मोठ्या वर्गांत बसवलं. लहान वर्गात १३ ते १७ मुलं, मोठ्यात २२ ते २५. लहान वर्गातली मुलं स्पष्टपणे पुढे गेली. हे बघून १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभर वर्ग लहान करायला घेतले. एकदम हजारो नवे शिक्षक लागले, आणि तितके तयार शिक्षक होतेच कुठे? अप्रशिक्षित माणसं घ्यावी लागली, त्यांतली बरीचशी गरीब वस्त्यांतल्या शाळांच्या वाट्याला आली. वर्ग लहान झाले, पण टेनेसीत दिसला होता तसा फायदा इथे ठामपणे दाखवता आला नाही. शिक्षणाच्या खर्चात म्हणून दोन गोष्टी विचारायच्या: कुणाशी तुलना केली, आणि मोठ्या प्रमाणावर करायला माणसं आहेत का.

राहिलं ते सगळ्यांत जुनं मत: लोक उपाशी असताना अंतराळावर खर्च कशाला? या वाक्यामागची कळकळ खरी आहे आणि तिला तांत्रिक उत्तर देऊन गप्प करू नये. पण दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली आकड्याची. मोठे आकडे आपल्याला जाणवत नाहीत. एक लाख सेकंद म्हणजे एक दिवस आणि पावणेचार तास. एक कोटी सेकंद म्हणजे जवळजवळ चार महिने. लाख कोटी सेकंद? साडेएकतीस हजार वर्षांहून जास्त. बातमीत कोटी आणि लाख कोटी एकाच ओळीत येतात आणि दोन्ही सारखेच ‘फार मोठे’ वाटतात. म्हणून नुसती रक्कम न बघता एकूण खर्चातला हिस्सा बघायचा. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या खर्चात नासाचा हिस्सा चांद्रमोहिमेच्या भरात, १९६६ मध्ये, ४.४ टक्क्यांच्या आसपास होता. आज तो अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. परदेशांना दिल्या जाणाऱ्या मदतीचा हिस्सा किती, असं अमेरिकनांना पाहण्यांमध्ये विचारलं, तर सरासरी उत्तर पाव हिश्श्याच्या आसपास येई. खरा आकडा होता साधारण एक टक्का. शंभरातल्या अर्ध्या रुपयावर भांडताना उरलेल्या साडेनव्व्याण्णव रुपयांत काय चाललंय, याकडे दुर्लक्ष होतं.

दुसरी गोष्ट समजण्यासाठी १२ नोव्हेंबर १९७० ची रात्र आठवावी लागेल. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या, आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळलं. किमान तीन लाख माणसं मेली, काही अंदाज पाच लाखांपर्यंत जातात. पहिला हवामान उपग्रह त्याच्या दहा वर्षं आधीच, १ एप्रिल १९६० ला, आकाशात गेला होता. भोला वादळ उपग्रहाला दिसलं होतं. पण नदीमुखातल्या बेटांवर झोपलेल्या माणसांपर्यंत ती सूचना नीट पोचलीच नाही, आणि पोचली असती तरी जायला उंच जागा नव्हती. नुसत्या अंतराळावरच्या खर्चाने त्यांना वाचवलं नाही. पण उपग्रह नसता, तर पुढे जे घडलं तेही घडलं नसतं.

१९७२ मध्ये तिथे वादळाच्या पूर्वतयारीचा कार्यक्रम सुरू झाला. गावोगावचे स्वयंसेवक, त्यांच्या हातात कर्णे, भोंगे, इशाऱ्याचे झेंडे आणि रेडिओ. किनाऱ्यावर खांबांवर उभे केलेले काँक्रीटचे निवारे. नोव्हेंबर २००७ मध्ये सिडर नावाचं वादळ आलं, ते भोलापेक्षा कमी ताकदीचं नव्हतं. उपग्रहांनी त्याचा माग ठेवला आणि चाळीस हजारांहून जास्त स्वयंसेवक सायकलवरून, पायी, दारोदार सांगत फिरले. सरकारी नोंदीनुसार ३,४०० च्या आसपास माणसं गेली. हा आकडा लहान नाही, पण १९७० च्या आकड्याशेजारी ठेवून बघावा.

या एका कामात तिन्ही प्रकारचे खर्च एकत्र आहेत. ढगांचं चित्र वरून घेता येईल का, हे कुतूहल. निवारे किती, कुठे, केवढ्याला, हे बांधकाम. आणि तिसरा, सगळ्यांत अवघड: इशारा मिळाल्यावर लोक खरंच घर सोडतात का? बरेच जण सोडत नव्हते. कारण विचारल्यावर उत्तरं मिळाली. गुरं बुडाली तर पुढे खायचं काय? घर रिकामं ठेवलं तर चोरी होईल. पुरुषांच्या गर्दीत बायकांनी रात्र कशी काढायची? मग नंतरच्या निवाऱ्यांजवळ गुरांसाठी मातीचे उंच ओटे घातले गेले, आणि आत बायकांसाठी वेगळ्या खोल्या आल्या.